दस्त ‘शून्य’ आहे, मग पुढे काय? कायद्यातली अवैधता पायरीपायरीने

ऑफिसात येणारे कागद बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीतून येतात. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांच्या पिशवीत एका नोंदणीकृत बक्षीसपत्राची झेरॉक्स, सातबारा आणि आईच्या मृत्यूचा दाखला होता. धाकट्या भावाने आईची सही फसवून घेतली, असं त्यांचं म्हणणं. “साहेब, दस्तच बोगस आहे. जो मुळात शून्य आहे तो रद्द करायला कोर्टात कशाला जायचं?” मी एवढंच विचारलं, की हे तुम्हाला कळलं कधी? ते म्हणाले, “झाली की सात वर्षं. आईनेच सांगितलं होतं.”

माझ्या कामात हा प्रसंग इतक्या वेळा येतो, की नव्याने कायदा शिकणाऱ्यांसाठी आणि स्वतःचे कागद घेऊन धडपडणाऱ्यांसाठी हे सगळं एकदा नीट लिहावं असं वाटलं. कायद्यातलं शून्य हे पाटीवरच्या शून्यासारखं नसतं. पाटीवरचं पुसलं की गेलं. दस्त मात्र दुय्यम निबंधकाच्या पुस्तकात तसाच राहतो. त्यावरून फेरफार पडतो, जमीन पुढे विकली जाते, तिच्यावर कर्जही निघतं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये १९५६ साली लॉर्ड रॅडक्लिफ यांनी म्हटलं होतं, की हुकमाच्या कपाळावर तो अवैध असल्याची खूण नसते. ज्याला तो मोडायचा आहे त्याने योग्य ठिकाणी जाऊन मोडून घ्यावा लागतो. आपल्या न्यायालयांनीही हे मत अनेकदा उचलून धरलं आहे. इथे भारतातल्या, त्यातही मुख्यतः करार आणि मालमत्तेच्या कायद्याबद्दल लिहितो आहे.

पायरी पहिली: शब्द वेगळे करून घ्या

दाव्याच्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं: “सदरचा दस्त हा बेकायदेशीर, बोगस, रद्दबातल व वादीवर बंधनकारक नसलेला आहे.” सवयीने सगळे लिहितात. पण या चार शब्दांचे अर्थ चार आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळ्या दाराकडे जाते.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २ मध्येच मूळ भेद सांगितला आहे. जो करार कायद्याने अमलात आणता येत नाही तो शून्य, कोर्टातल्या बोलीत ‘व्हॉइड’. जो करार एका बाजूच्या मर्जीने अमलात येऊ शकतो पण दुसऱ्या बाजूच्या मर्जीने नाही, तो शून्यकरणीय, म्हणजे ‘व्हॉइडेबल’. शून्यकरणीय करार मोडेपर्यंत जिवंत असतो. ज्याची फसवणूक झाली तो म्हणाला “चालू दे”, तर चालतो. तो म्हणाला “मला नको”, तर मोडतो. फसवणाऱ्याला मात्र “मीच फसवलं होतं, म्हणून करार रद्द” असं म्हणता येत नाही. याच कलमात तिसरी जातही आहे: करताना धडधाकट असलेला, पण नंतर अमलात आणणं अशक्य झाल्यामुळे शून्य होणारा करार.

बेकायदा हा शब्द आणखी वेगळा. प्रत्येक बेकायदा करार शून्य असतो, पण प्रत्येक शून्य करार बेकायदा नसतो. पैजेचा करार कलम ३० ने शून्य आहे, म्हणून जिंकलेल्याला कोर्टातून पैसे वसूल करता येत नाहीत. पण म्हणून तो बेकायदा ठरत नाही. घेरूलाल पारख खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आणि पैजेचे व्यवहार करण्यासाठी केलेली भागीदारी तेवढ्या कारणाने बेकायदा होत नाही असं ठरवलं. मुंबई इलाख्यासाठी मात्र १८६५ सालचा स्वतंत्र कायदा होता आणि त्याने पैजेला पूरक असलेले करारही शून्य ठरवले होते. आपल्या भागातला वकील हे उदाहरण देताना थोडा थांबतो, ते यामुळे.

चौथा शब्द लोक सर्वांत जास्त चुकवतात: पुराव्यात न चालणारा कागद. स्टॅम्प कमी लावलेला कागद शून्य नसतो. कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड भरला की तो पुराव्यात वाचता येतो. लवाद कराराच्या बाबतीत यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की मुद्रांक नसलेला करार पुराव्यात अग्राह्य असतो, शून्य नसतो आणि तो दोष दुरुस्त करता येतो. समोरच्याच्या कागदाला स्टॅम्प कमी आहे म्हणून “आपण जिंकलो” असं समजून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. समोरच्याने दंड भरला आणि कागद उभा राहिला.

पायरी दुसरी: कायद्याचं वाक्य शोधा

एखादी गोष्ट कायद्याविरुद्ध झाली, एवढ्यावरून ती शून्य ठरत नाही. नियम मोडल्याचा परिणाम काय, हे कायद्याने सांगितलं आहे का, ते आधी बघा. ‘शून्य असेल’ असे शब्द आहेत का? ‘अमुक पक्षाच्या मर्जीने शून्यकरणीय’ असं म्हटलं आहे का? की फक्त शिक्षा सांगून कायदा थांबला आहे?

विवाहाचं उदाहरण यासाठी सर्वांत चांगलं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. आधीचा जोडीदार हयात आणि ते लग्न अजून कायम असताना केलेलं दुसरं लग्न कलम ११ प्रमाणे शून्य आहे. जबरदस्तीने किंवा फसवणुकीने घेतलेल्या संमतीवर झालेलं लग्न कलम १२ खाली शून्यकरणीय आहे. त्यासाठी जबरदस्ती थांबल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. सगळं कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलात, तर तो अर्ज चालत नाही.

आता बालविवाह घ्या. तो गुन्हा आहे, त्याबद्दल शिक्षा आहे. म्हणून तो शून्य असणार, असं नव्वद टक्के लोक सांगतील. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ मध्ये वयाची अट मोडल्याचा उल्लेखच नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ च्या कलम ३ ने असा विवाह शून्यकरणीय ठरवला. लग्नाच्या वेळी जो बालक होता त्याला तो मोडून मागता येतो, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. पळवून आणलेल्या किंवा विकलेल्या मुलीच्या बाबतीत, आणखी काही ठरावीक परिस्थितींत, तोच कायदा कलम १२ मध्ये ‘शून्य’ हा शब्द वापरतो. कर्नाटकाने राज्यापुरती दुरुस्ती करून असे सगळेच विवाह मुळात शून्य केले. म्हणजे कृत्य एकच, पण कोणतं कलम लागतं आणि कोणतं राज्य आहे यावर परिणाम बदलतो. म्हणून मी नव्या ज्युनिअरला पहिलं काम हेच देतो: कलम उघड आणि परिणामाच्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार.

पायरी तिसरी: दोष नेमका कुठे आहे?

इथे थोडा जास्त वेळ द्या. पुढचं सगळं यावर उभं राहतं.

आधी माणूस बघा. सही करणारा सज्ञान होता का, शुद्धीत होता का? कलकत्त्यातल्या धर्मोदास घोष या अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, मुलाने आपली घरं सावकाराकडे गहाण टाकली. तो अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला माहीत होतं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हा भारतातल्या खटल्यांचं शेवटचं अपील जिथे चालायचं तिथपर्यंत, गेलं आणि १९०३ साली ठरलं, की अज्ञानाचा करार मुळातच शून्य असतो. ‘मोहरीबीबी’ या नावाने हा निकाल कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक जण शिकतो. पण पुढची गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात राहते. त्याच अज्ञान मुलाची स्वतःची जमीन त्याच्या नैसर्गिक पालकाने, म्हणजे बापाने किंवा आईने, कोर्टाची परवानगी न घेता विकली, तर तो व्यवहार शून्य नसतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे तो शून्यकरणीय आहे. दावा लावायचा तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. मुलगा एकच, जमीन एकच. फक्त सही कुणी केली एवढ्याने दोन्ही व्यवहारांची जात बदलली. एकविसाव्या वर्षी हा प्रश्न घेऊन आलेला मुलगा आणि पंचविसाव्या वर्षी आलेला मुलगा, दोघांना मला वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं.

मग संमती. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, खोटं निवेदन यांनी घेतलेली संमती करार कायद्याच्या कलम १९ आणि १९अ प्रमाणे करार शून्यकरणीय करते. खोट्या निवेदनाच्या बाबतीत कायदा एक अट घालतो: साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं, अशी स्थिती असेल तर तक्रार चालत नाही. दोघांचीही एकाच महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चूक झाली असेल, तर कलम २० प्रमाणे करार शून्य. कायद्यातच दिलेलं उदाहरण घोड्याचं आहे. एकाने दुसऱ्याचा घोडा घ्यायचं ठरवलं, पण सौदा ठरत होता तेव्हाच घोडा मेलेला होता आणि ते दोघांनाही माहीत नव्हतं. फक्त एकाचीच चूक असेल, तर तेवढ्याने काही होत नाही.

फसवणुकीतही एक महत्त्वाची फट आहे. निंगव्वा खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दाखवली. कागदात काय लिहिलं आहे याबद्दल फसवलं, तर दस्त शून्यकरणीय. कागद मुळात कशाचा आहे याबद्दलच फसवलं, म्हणजे मुखत्यारपत्र सांगून बक्षीसपत्रावर सही घेतली, तर दस्त शून्य. पिशवीवाल्या गृहस्थांना मी दुसरा प्रश्न हाच विचारला: आईला काय सांगून सही घेतली होती? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आई म्हणायची की पीककर्जाचा कागद आहे असं सांगितलं होतं. या एका वाक्याने प्रकरण दुसऱ्या रांगेत जाऊ शकत होतं. ते सिद्ध करणं हा निराळा डोंगर, कारण नोंदणीकृत दस्त खरा आणि रीतसर झाला असंच कोर्ट आधी गृहीत धरतं. उलट सिद्ध करायचा भार आपल्यावर.

हेतू आणि मोबदला यांच्याबद्दल थोडक्यात. कायद्याने मना केलेल्या किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेल्या उद्देशाचा करार कलम २३ ने शून्य. मोबदल्याशिवायचा करार, थोडे अपवाद सोडून, कलम २५ ने शून्य. धंदा करण्यावर बंदी घालणारा करार कलम २७ ने शून्य. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही, असं लिहून घेतलेल्या तरुणांना हे कलम ठाऊक असायला हवं. नोकरी चालू असतानाचं बंधन टिकतं, नोकरी संपल्यानंतरचं टिकत नाही. ‘शंभर टन तेल’ विकण्याचा करार, पण कोणतं तेल तेच लिहिलेलं नाही, हे कलम २९ खालचं उदाहरण आजही मसुदा लिहिणाऱ्याने समोर ठेवावं असं आहे.

शेवटी रीत आणि अधिकार. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मुखत्यारपत्र आणि साठेखत करून घेतलं म्हणजे जागेची मालकी आली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ठणकावून सांगितलं आहे. तसंच, दावा चालू असताना प्रतिवादीने जमीन विकली, तर ती विक्री शून्य होते असा एक पक्का गैरसमज आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती शून्य होत नाही. घेणारा दाव्याच्या निकालाला बांधला जातो, इतकंच.

पायरी चौथी: हे म्हणायचा हक्क कोणाला, आणि मध्ये कोण आलं?

शून्यकरणीय व्यवहार मोडायचा हक्क ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा, किंवा त्याच्या जागी आलेल्या वारसाचा. शून्य व्यवहाराला ज्याच्याविरुद्ध तो वापरला जातोय तो कोणीही हरकत घेऊ शकतो.

तिसरा माणूस मध्ये आला की हा फरक खिशाला जाणवतो. समजा कुणी खोटं नाव-गाव सांगून तुमच्याकडून लॅपटॉप विकत घेतला आणि चेक वटला नाही. हा करार शून्यकरणीय. तुम्ही तो मोडायच्या आधीच त्याने लॅपटॉप तिसऱ्याला विकला आणि त्या तिसऱ्याने प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना घेतला, तर मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २९ प्रमाणे तो तिसऱ्याचा झाला. तोच लॅपटॉप चोरीला गेला असता, तर चोराकडे द्यायला मालकीच नव्हती. म्हणून शून्यकरणीय करार मोडायचा असेल तर तसं लगेच, लेखी कळवा. वाट बघत बसलात तर मोडण्यासारखं काही हातात उरत नाही.

पायरी पाचवी: मुदत

दस्त रद्द करून मागायचा दावा मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५९ खाली येतो. तीन वर्षं, आणि ती दस्ताच्या तारखेपासून धरायची नाहीत. रद्द करून मागण्याचा हक्क ज्या गोष्टींमुळे मिळतो त्या पहिल्यांदा कळल्या तेव्हापासून ती सुरू होतात. घोषणेच्या, म्हणजे आपला हक्क कोर्टाकडून ठरवून मागणाऱ्या, दाव्याला अनुच्छेद ५८ आहे, तिथेही तीन वर्षंच. फसवणूक लपवून ठेवली असेल तर कलम १७ मदतीला येतं, पण ‘नीट लक्ष दिलं असतं तर कळलं असतं’ ही तारीखही कोर्ट बघतं. मुदत संपल्याचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी कोर्टाला तो कलम ३ प्रमाणे स्वतःहून बघावा लागतो.

“पण दस्त शून्य असेल तर मुदत कशाला?” हा प्रश्न रास्त आहे. २००६ साली प्रेमसिंग विरुद्ध बिरबल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुळात शून्य असलेला दस्त रद्द करून घ्यावाच लागतो असं नाही आणि अनुच्छेद ५९ चा खरा रोख शून्यकरणीय दस्तांवर आहे. हे वाचून आनंद होतो, पण तो जपून करा. १९९१ साली पंजाबातल्या नोकरीवरून काढलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, बडतर्फीचा हुकूम शून्य असला तरी तसं ठरवून मागणारा दावा मुदतीतच लावावा लागतो, असं त्याच न्यायालयाने ठरवलं. शिवाय आपण ज्याला शून्य म्हणतो त्याला कोर्ट शून्यकरणीय म्हणालं, तर मधली वर्षं परत मिळत नाहीत. शून्य दस्ताच्या जोरावर कुणी जमिनीत बसला असेल, तर मालकीच्या हक्काने ताबा मागायला अनुच्छेद ६५ प्रमाणे त्याचा ताबा प्रतिकूल, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध, झाल्यापासून बारा वर्षं मिळतात. पण मी माझ्या कोणत्याही पक्षकाराला बारा वर्षांच्या भरवशावर ठेवत नाही. कळल्यापासून तीन वर्षं, हाच आकडा धरून चालतो.

यासाठी घरी करायचं एक काम आहे. कोऱ्या कागदावर तारखा लिहून काढा: फेरफाराची नोटीस हातात पडली तो दिवस, इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा, उतारा काढला तो दिवस, दस्ताची प्रमाणित नक्कल मिळाली तो दिवस. पावत्या त्याच क्रमाने लावा. उलटतपासात “तुम्हाला कधी कळलं?” हा प्रश्न येणारच, आणि तिथे अंदाजाने सांगितलेल्या एका महिन्याने आख्खा दावा पडलेला मी पाहिला आहे. तो दावा माझ्या वरिष्ठांकडचा होता, नोंद मी करायची होती, आणि ती मी तोंडी ऐकून केली होती. तेव्हापासून पावती बघितल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही.

पायरी सहावी: मागायचं काय?

दस्तावर तुमची स्वतःची सही आहे का, यावर मागणी ठरते. सही असेल तर दस्त रद्द करून मागा. सही नसेल, तर “सदरचा दस्त वादीवर बंधनकारक नाही असे ठरवून मिळावे” अशी घोषणा मागा. २०१० साली सुहृदसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक कोर्ट फीच्या संदर्भात समजावला. कोर्ट फीचे आकडे राज्याराज्यांत वेगळे असल्याने ते तालुक्याच्या कोर्टातच विचारून घ्या. ताबा समोरच्याकडे असेल, तर ताबाही त्याच दाव्यात मागा. नुसती घोषणा मागून ताबा न मागितल्यास विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ३४ मुळे कोर्ट घोषणाही नाकारतं.

दस्त रद्द करण्याचा दावा त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली असतो. त्यात एक फार व्यवहारी कल्पना आहे: हा कागद असाच बाहेर राहिला तर मला गंभीर नुकसान होईल, अशी वाजवी भीती दाखवायची. पिशवीवाल्या गृहस्थांच्या “कोर्टात कशाला?” या प्रश्नाला कायद्याने दिलेलं उत्तर हेच आहे. दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून काम भागत नाही. नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मध्य प्रदेशातल्या प्रकरणात म्हटलं आहे. तलाठ्याकडची फेरफाराची नोंद रद्द झाली तरी दस्त उभाच राहतो, कारण सातबारा महसुलासाठी असतो, मालकी ठरवण्यासाठी नव्हे.

पायरी सातवी: घेतलेलं परत

करार मोडणाऱ्याला त्या करारातून मिळालेला फायदा परत द्यावा लागतो. शून्यकरणीय करारासाठी हे करार कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे. शून्य असल्याचं नंतर उघड झालेल्या किंवा नंतर शून्य झालेल्या करारासाठी कलम ६५ मध्ये. त्यामुळे इसाराचे पैसे ठेवून घ्यायचे आणि करारही मोडायचा, असं सहसा जमत नाही. अज्ञानाच्या बाबतीत प्रिव्ही कौन्सिलने ही कलमं लावायला नकार दिला होता. आता विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ३३ आहे. त्याखाली अज्ञानाला किंवा त्याच्या मालमत्तेला खरोखर जितका लाभ झाला, तितका परत करायला कोर्ट सांगू शकतं. दावा लावण्यापूर्वीच ही रक्कम उभी करता येते का ते बघा.

हुकूम, निकाल आणि कायदे

कागद खाजगी नसून सरकारी असेल, तर वरच्या पायऱ्या त्याच, पण वजनं बदलतात. अधिकारकक्षाच नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा शून्य असतो आणि ती हरकत अगदी दरखास्तीतही, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी चालू असतानाही, घेता येते, हे १९५४ सालच्या किरणसिंग निकालातलं सूत्र सगळे सांगतात. पण त्या प्रकरणात दाव्याचं मूल्यांकन कमी दाखवल्यामुळे चुकीच्या दर्जाच्या कोर्टात अपील गेलं होतं, आणि तेवढ्याने नुकसान झालं नाही म्हणून निकाल कायम राहिला, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. चुकीचा निकाल आणि अधिकाराबाहेरचा निकाल यांत अंतर आहे. चुकीचा निकाल अपिलात न बदलल्यास बांधतो.

कायदेच अवैध ठरतात तेव्हाही शून्य पूर्ण गोल नसतं. संविधानाचा अनुच्छेद १३ म्हणतो, की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा ‘त्या विसंगतीपुरता’ शून्य. म्हणून दूषित भाग काढून उरलेला कायदा चालू राहतो. २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ गेलं, बाकीचा कायदा राहिला. १९५१ साली केशवन माधव मेनन या मुंबईच्या खटल्यात ठरलं, की संविधानापूर्वीचा कायदा २६ जानेवारी १९५० पासून पुढे शून्य होतो, त्याआधी घडून गेलेल्या गोष्टी त्याने पुसल्या जात नाहीत.

१९८१ सालचा गोकराजू रंगराजू हा निकाल मला सर्वांत जवळचा वाटतो. आंध्र प्रदेशातल्या काही सत्र न्यायाधीशांच्या नेमणुकाच नंतर रद्द झाल्या. मग त्यांनी दिलेले निकालही गेले, असं आरोपी म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पदावर बसून, पदाच्या अधिकारात, लोकांनी न्यायाधीश मानलेल्या माणसाने दिलेले निकाल टिकतात. नाहीतर त्यांच्या निकालावर विसंबून जगलेल्या शेकडो लोकांचं काय? शून्य विवाहातून झालेल्या मुलाला हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ औरस मानतं, त्यामागेही हीच माणुसकी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आई-बापाच्या वाट्याला जे आलं असतं, त्यातही अशा मुलाला हिस्सा मिळतो.

दावा जिंकल्यावर

हुकूमनामा हातात आला की काम संपलं असं समजून लोक घरी जातात. नोंदणीकृत दस्त रद्द झाला असेल, तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ३१ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे कोर्टाने हुकूमनाम्याची प्रत त्या निबंधकाकडे पाठवायची आणि निबंधकाने आपल्या पुस्तकातल्या दस्ताच्या नकलेवर तो रद्द झाल्याची नोंद घ्यायची असते. ही प्रत गेली का, ती नोंद पडली का, हे स्वतः जाऊन बघा. पुस्तकातलं पान कुणी फाडत नाही, त्यावरचा मजकूरही कुणी खोडत नाही. दस्त तिथे तसाच असतो, शेजारी दावा क्रमांक, तारीख आणि ‘रद्द’ एवढंच लिहिलेलं. पुढे कधी कुणी त्या जमिनीचा सर्च घ्यायला आला, की त्याला दस्ताबरोबर ती ओळही दिसते.